पाया पडताना

२०२३ सालच्या दिवाळीतल्या पाडव्याची गोष्ट. सणाला मी दरवर्षी गावी जातो. गाव शहादे तालुक्यातले. दक्षिणेला तापी, उत्तरेला सातपुडा, आणि मधल्या काळ्या जमिनीत ऊस, केळी, पपई नि कापूस. पाडव्याच्या सकाळी घरातली सारी मंडळी ओट्यावर जमतात आणि धाकट्यांनी थोरांच्या पाया पडायचे, असा आमच्याकडे रिवाज आहे. मीही आप्पांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांच्या, पाया पडलो. आशीर्वाद घेऊन उठलो नि वळलो, तो ओट्याच्या दुसऱ्या टोकाला खांबाशी टेकून दादा बसलेला दिसला.

दादा म्हणजे आमचा जुना सालदार. जातीने भिल्ल, वयाने आप्पांच्या बरोबरीचा. आखाजीमागून आखाजी त्याने आमच्याच घरी साल धरले. अशी चाळीसएक वर्षे गेली. मला खांद्यावर बसवून तापीचा पूर दाखवायला नेला तो त्याने, आणि पूर ओसरल्यावर त्याच पाण्यात पोहायला शिकवले तेही त्याने. पण एवढ्या वर्षांत त्याच्या पाया पडावे असे माझ्या मनात कधी आले नव्हते. का आले नव्हते, हे सांगत बसायला नको. वाचक ते जाणतात. त्या दिवशी मात्र काय झाले कोण जाणे, मी सरळ त्याच्यापुढे वाकलो आणि दोन्ही हात पुढे केले. उजवा हात त्याच्या पावलावर पडला. डावा नुसताच फरशीवर पडला.

दादा हसला. म्हणाला, “एकच शे भाऊ आते.”

त्याचा उजवा पाय मांडीतून कापलेला आहे, हे मला ठाऊक नव्हते थोडेच! कापला त्याला वर्ष होत आले होते. पण डोक्याला ठाऊक असणे वेगळे आणि हाताला कळणे वेगळे. ती थंडगार फरशी हाताला अजून लागते आहे.

मी मराठीचा अध्यापक. पाय मोकळे करणे, पाय काढणे, पाय रोवणे, पाय न निघणे, स्वतःच्या पायावर उभे राहणे हे वाक्प्रचार विद्यार्थ्यांना समजावून देण्यात माझी वीस वर्षे गेली. आपल्या भाषेने निम्मा संसार पायावरच उभा केला आहे. परंतु खऱ्याखुऱ्या, रक्तामांसाच्या पायाविषयी मी काही वाचले, विचारले, ते त्या पाडव्यानंतर. जे कळले ते आधी कळायला हवे होते. म्हणूनच ते आज येथे सांगायला बसलो आहे.

आप्पा आणि दादा या दोघांनाही विडीचे व्यसन. संध्याकाळी आप्पा ओट्यावर बसत, दादा पायरीवर. आप्पांनी बंडल काढावे, एक विडी आपण घ्यावी, एक खाली द्यावी, आणि दोन्ही एकाच काडीवर पेटाव्यात. विडीचे पान टेंभुर्णीचे. उन्हाळ्यात जंगलात हिंडून ते गोळा करणारी माणसे बहुधा आदिवासीच. दादाही तरुणपणी त्या कामाला गेला होता. आतली तंबाखू निपाणीकडची असेल, नाही तर गुजरातेतली. बसायची जागा दोघांची वेगळी होती; धूर मात्र दोघांचा एकच होता.

२०२१ च्या पावसाळ्यात आप्पा एकदा म्हणाले, “मळ्यापर्यंत चालवत नाही रे आता. निम्म्या वाटेत पोटरी आवळून येते. जरा उभा राहिलो की सुटते. चालू लागलो की पुन्हा तेच.”

पायरीवरून दादा म्हणाला, “मनी बी तशीच गत शे.”

आम्ही सगळे हसलो. दोघे म्हातारे झाले, असे ठरवून चहा प्यायलो.

ते म्हातारपण नव्हते. चालताना पोटरीत कळ यावी, थांबल्यावर ती जावी आणि ठराविक अंतर चालले की नेमकी परत यावी, ही पायाच्या रक्तवाहिन्या तुंबत चालल्याची खूण आहे. गंमत अशी, की ही खूण आधी ओळखली गेली ती घोड्यात. १८३१ साली बुले नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने धावता धावता लंगडणाऱ्या घोड्याच्या या रोगाचे वर्णन केले. माणसातले तेच दुखणे शार्को या फ्रेंच वैद्याने दाखवून दिले ते १८५८ साली. आमच्या तालुक्यातच तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे घोडा घेणारा माणूस त्याला आधी चालवून पाहतो, पळवून पाहतो, खूर उचलून पाहतो. म्हातारा माणूस “चालवत नाही” म्हणाला, तर त्याचे पाऊल उचलून कोण पाहतो?

रोगाची रीत शेतकऱ्याला चटकन् समजण्यासारखी आहे. पाटात गाळ साचावा तशी धमनीच्या आतल्या अंगाला चरबी साचत जाते. तंबाखू, मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब ही तिला खतपाणी घालतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुण माणसांच्या हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद पाडणारा आणखी एक निराळा रोग आहे. १९०८ साली लिओ बर्गर याने त्याचा सविस्तर अभ्यास केला म्हणून त्याला बर्गरचा रोग म्हणतात, आणि आपल्या देशातल्या विडी ओढणाऱ्यांत तो चांगला परिचयाचा आहे. कारण काहीही असो, पाटाचे पाणी कमी झाले की पहिली तहान लागते ती शेपटाकडच्या शेताला. शरीरात हे शेपटाकडचे शेत म्हणजे पायाची बोटे.

रोग ओळखायला फार मोठे यंत्रही लागत नाही. दंडावरचा रक्तदाब मोजायचा आणि घोट्याजवळचा मोजायचा. घोट्याजवळचा आकडा दंडाच्या आकड्याच्या नऊदशांशाहून कमी भरला, की पायाकडचा पाट तुंबला आहे असे समजावे.

आप्पांचा मुलगा सुरतेला असतो. दिवाळीला तो आला, बापाचे चालणे त्याने पाहिले, आणि भाऊबीज होताच त्यांना गाडीत घालून घेऊन गेला. आमच्या भागाला सुरत जवळची. तापीकाठच्या लोहमार्गाने ती आमच्या अंगणात आणून ठेवली आहे म्हणा ना. तिथे आप्पांचा दाब मोजला गेला, रक्तवाहिन्यांचे चित्र निघाले. मग जांघेतून एक बारीक नळी आत सारून, तिच्या टोकाचा फुगा फुगवून डॉक्टरांनी तुंबलेली धमनी मोकळी केली आणि तेथे जाळीची नळी बसवली. विडी सोडायला लावली. रक्त पातळ ठेवणारी आणि चरबी कमी करणारी गोळी कायमची लावून दिली. आठ दिवसांनी आप्पा परत आले ते उतरल्याबरोबर चालत मळ्यात गेले.

दादाला कोणी सुरतेला नेले नाही.

येथे मला लेखणी थांबवावी लागत आहे. इथवर लिहिलेले परत वाचले, तर सबंध मजकुरात आप्पा ‘म्हणाले’ आहेत आणि दादा ‘म्हणाला’ आहे. आप्पा ‘परत आले’, दादा ‘हसला’. दोघे एका वयाचे, दोघांनी मला सारख्याच ममतेने वागवले. व्याकरण शिकवून पोट भरणाऱ्या माझ्या हातून हे इतक्या सहज लिहिले गेले, की लक्षातही आले नाही. खोडून दुरुस्त करता आले असते. पण चूक वाचकांना दिसलेली बरी. यापुढे मात्र नीट लिहितो.

दादा काम करीत राहिले. त्यांचे साल केव्हाच सुटले होते, तरी खळ्याची राखण त्यांच्याकडेच होती. २०२२ च्या पोळ्याला बैल धुताना त्यांच्या उजव्या अंगठ्यात बाभळीचा काटा मोडला. मोडला तो त्यांना कळलाही नाही. कळणार कसा? त्यांना मधुमेह होता, आणि तो आहे हे कोणालाच माहीत नव्हते. जुना मधुमेह पायाच्या मज्जातंतूंना बधिर करून टाकतो. वेल्लोरला कुष्ठरोग्यांवर उपचार करणारे शल्यवैद्य पॉल ब्रँड यांनी पूर्वीच दाखवून दिले होते, की बधिर पावले झडतात ती पुष्कळदा न जाणवलेल्या जखमांमुळे. मधुमेह्यांच्या पावलांनाही पुढे तेच लागू पडले. वेदना ही शरीराची राखणदार आहे. राखणदारच झोपला की चोर घरात कधी शिरला, हे कोणी सांगावे?

जखमेवर हळद झाली, झाडपाला झाला, भगताचा अंगारा झाला, गावातल्या दवाखान्यातले एक इंजेक्शनही झाले. जखम भरेना, जिथे रक्तच पोचत नाही तिथे ती भरणार कशाने? त्या दिवाळीला मी गावी गेलो तेव्हा दादांचा अंगठा काळसर झालेला होता. रात्री झोप येत नाही, असे ते म्हणाले. बाजेवर पाय सरळ ठेवला की आग होते, खाली लोंबता सोडला की जरा बरे वाटते. बसूनच रात्र काढतो, म्हणाले.

आज मला ठाऊक आहे, की रात्री पाय खाली सोडून बसणे हा या रोगाचा निर्वाणीचा इशारा असतो. तो मिळाल्यावर दिवस मोजायचे नसतात, तास मोजायचे असतात. तेव्हा मी काय केले? “डॉक्टरला दाखवा हो दादा,” असे म्हणालो आणि पाचशेची एक नोट त्यांच्या हातावर ठेवली. माझ्यामागे परीक्षेच्या उत्तरपत्रिका होत्या. मी परत आलो. दादांनी ती नोट नातवाच्या वह्यांना खर्च केली, असे पुढे कळले. त्यांना दोष कसा देऊ? वह्यांचा उपयोग त्यांना कळत होता. पाचशे रुपयांत कोणत्या गावच्या कोणत्या डॉक्टरला कोणत्या गोष्टीसाठी दाखवायचे, हे मीही त्यांना सांगितले नव्हते. कारण ते मलाही ठाऊक नव्हते.

डिसेंबरात ताप चढला, पाय घोट्यापर्यंत काळा पडला, तेव्हा धावपळ झाली. मोठ्या दवाखान्यात नेले तोवर विषार वर सरकला होता. जीव वाचवायचा तर पाय मांडीतून काढावा लागेल, असे डॉक्टर म्हणाले. त्यांचे काही चुकले, असे मला वाटत नाही. त्यांच्यापुढे जो पाय आला तो कापण्याजोगाच होऊन आला होता.

शस्त्रक्रियेला पैसा लागला नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो खर्च भागला, आणि ही योजना नसती तर दादा आज नसते. पण अशी योजना दवाखान्याच्या दारापाशी सुरू होते. घरापासून त्या दारापर्यंतची वाट ज्याची त्याने चालायची असते. आणि ज्याला शंभर पावले चालवत नाही, त्याला ती वाट सर्वांत लांब पडते.

या संदर्भात एका राजाची गोष्ट मला फार बोलकी वाटते. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज १९४७ पर्यंत आपलेही बादशहा होते. आमच्या आजोबांच्या कनवटीच्या रुपयावर त्यांचेच डोके असे. ते सिगारेटी पुष्कळ ओढीत. १९४८ च्या अखेरीस त्यांच्या उजव्या पायाचे रक्त आटू लागले. पाय कापावा लागतो की काय, अशी धास्ती निर्माण झाली आणि ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडचा ठरलेला दौरा पुढे ढकलावा लागला. १९४९ च्या मार्चमध्ये जेम्स लिअरमंथ या नामांकित शल्यवैद्याने राजवाड्यातच शस्त्रक्रिया केली. पायाच्या रक्तवाहिन्या आवळून धरणारे कंबरेजवळचे मज्जातंतू त्याने तोडले आणि राजाचा पाय वाचला. तीन वर्षांनी, १९५२ साली, राजे वारले ते दोन्ही पायांनिशी. तेव्हा फुगा नव्हता, जाळीची नळी नव्हती, आजची औषधे नव्हती. तरी पाय वाचला, कारण तो पाय वेळेत जाणत्या माणसाच्या हाती पडला. त्यानंतर सात दशकांनी, विद्या इतकी पुढे गेली असताना, आमच्या दादांचा पाय गेला. हा फरक विद्येचा नव्हे.

ही तफावत एकट्या आपल्याकडची आहे, असेही नाही. अमेरिकेत पैशाला तोटा नाही, यंत्रांना तोटा नाही. पण तिथेही याच रोगात कृष्णवर्णीय माणसाचा पाय गोऱ्या माणसाच्या पायापेक्षा किती तरी अधिक वेळा कापला जातो. गरीब आणि खेड्यातला असेल तर धोका आणखी वाढतो. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातला जुना कापूसपट्टा या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. कापसाच्या मुलखात वाढलेल्या मला ते वाचून परके वाटले नाही. पाय कापण्यापूर्वी रक्तवाहिन्यांचे साधे चित्रसुद्धा काढले गेले नाही, असे रोगी तिकडेही पुष्कळ सापडतात. म्हणजे धमनी उघडता आली असती की नाही, हा प्रश्न कोणी विचारण्यापूर्वीच उत्तर देऊन टाकलेले!

आणि मन लावले तर हे बदलते, हेही जगाने पाहिले आहे. १९८९ साली इटलीतल्या सेंट व्हिन्सेंट येथे युरोपातले आरोग्याधिकारी नि वैद्य जमले आणि मधुमेहापायी कापले जाणारे पाय पाच वर्षांत निम्म्यावर आणायचे, असा त्यांनी संकल्प केला. अमेरिकेत २००० ते २००९ या काळात मधुमेह्यांचे पाय व बोटे कापण्याचे प्रमाण ४३ टक्क्यांनी खाली आले. परंतु पुढच्या सहा वर्षांत ते पुन्हा ५० टक्क्यांनी वर गेले, आणि ही वाढ तरुण व मध्यमवयीन माणसांत विशेष होती. राखण सैल पडली की पीक जाते, हे दादांनी मला लहानपणीच शिकवले होते.

आमचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. सहा तालुके, २०११ च्या शिरगणतीत वस्ती १६ लाख ४८ हजार, आणि तीत शंभरांत ६९ माणसे आदिवासी. शहादे, नंदुरबार हे झाले सपाटीचे तालुके. धडगाव-अक्कलकुव्याकडे चढत गेले, की पाड्यावरून रस्त्यापर्यंत आजारी माणसाला बांबूच्या झोळीतून उचलून आणल्याच्या बातम्या आजही येतात. मणिबेलीसारख्या नर्मदेकाठच्या गावांना तर पाण्याची वाट जवळची. जिल्ह्यात २०२० पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे आणि त्याचा आम्हांला अभिमान वाटतो. पण बाळंतीण अडली, साप चावला, तर माणसे झोळी उचलून धावतात. काळसर पडलेल्या अंगठ्यासाठी कोण झोळी उचलतो? अंगठा दुखतो आहे, एवढेच तर झाले!

पाय गेल्यावर पुढे काय होते, तेही सांगायला हवे. या रोगात मांडी-पोटरीपासून पाय कापलेल्यांपैकी साधारणपणे निम्मे लोक पाच वर्षेही पुरी करीत नाहीत. कारण जो गाळ पायात साचतो तोच हृदयात आणि मेंदूतही साचत असतो. गुडघा वाचला तर कृत्रिम पायावर चालणे पुष्कळ सोपे जाते; गुडघ्याच्या वरून पाय गेला तर म्हाताऱ्या माणसाची शक्ती त्याला पुरत नाही. ऋग्वेदात विश्पला नावाच्या स्त्रीला अश्विनीकुमारांनी लोखंडी पाय बसवून दिल्याची कथा आहे. आपल्या काळात, १९६८ च्या सुमाराला, जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचे जे पाऊल घडवले, ते घालून माणूस उकिडवा बसू शकतो, अनवाणी चालू शकतो, शेतात उतरू शकतो. दादांनाही एका शिबिरात तसा पाय मिळाला. तो त्यांनी खुंटीला अडकवून ठेवला आहे. बाजाराच्या दिवशी काढतात, घालतात, चार पावले टाकतात आणि घामाघूम होऊन पुन्हा कुबड्या मागतात.

आप्पांनी विडी सोडली, पण ओट्यावर बसायचे सोडले नाही. पाय गेल्यानंतर पहिल्यांदा दादा आले, तेव्हा त्यांना पायरीवर बसता येईना. आप्पांनी उठून त्यांना हाताला धरून वर घेतले आणि खांबाशी टेकून बसवले. तेव्हापासून दादा ओट्यावर बसतात. चाळीस वर्षांत जे झाले नाही ते एक पाय दिल्यावर झाले. आप्पा एकदा मला म्हणाले, “सुरतेच्या गाडीत आणखी एक जागा होती रे.” त्यावर मी काही बोललो नाही. ते वाक्य माझेही होते.

त्या पाडव्यापासून मी एक नेम केला आहे. गावी गेलो की ज्यांच्या ज्यांच्या पाया पडायचे, त्यांच्या पावलांकडे आधी नीट पाहतो. बोटांच्या बेचक्यांत चीर आहे का, अंगठा काळवंडला आहे का, एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गार लागते का. पावलाच्या वरच्या अंगाला आणि घोट्याच्या आतल्या बाजूला मागे बोट ठेवले, तर नाडी लागते. ती लागत नसेल तर दुसऱ्याच दिवशी दवाखाना. “किती चालवते हो?” असे विचारतो. “चालवत नाही” असे उत्तर आले तर हसत नाही, आणि नोटही काढत नाही. सोबत जातो. पहिल्या वर्षी म्हाताऱ्यांना हा चाळा वाटला. आता ते आपणहून चपला काढून पाय पुढे करतात. दादा तर मला ‘पायवाले डॉक्टर’ म्हणतात, आणि आपला उरलेला डावा पाय सगळ्यांच्या आधी पुढे सारतात.

यंदाच्या पाडव्यालाही ओट्यावर ही मंडळी जमतील. तुमच्याही घरी कोणी वडीलधारे असतील, आणि कदाचित पायरीवर बसणारेही कोणी असेल. वाकाल तेव्हा घाईने हात लावून उठू नका. दोन्ही पावले हातांत घ्या, आणि ती ऊबदार आहेत ना, एवढे पाहा.